घाटकोपरपर्यंतची गोष्ट

का. र. मित्रांनी 1909 साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठी लेखकाची दिवाळी आषाढात येऊ लागली. बाहेर पाऊस, दोरीवर न वाळलेले कपडे आणि फोनवर संपादक : "अडीच हजार शब्द, काहीतरी हलकंफुलकं, पंधरवड्यात द्या." मानधनाचा विषय निघाला की नेमकी त्यांच्याकडची रेंज जाते.

अशा वेळी घरच्यांचं प्रोत्साहन असतंच. नवरा म्हणतो, "तू बस लिहायला, स्वयंपाकाचं आज मी बघतो." मी पहिलं वाक्य लिहिते. "कुकरला पाणी किती?" दुसरं वाक्य. "हिंग कुठल्या डब्यात?" तिसऱ्याला तो स्वतःच हात पुसत येतो, "झाली का गं?" सासूबाई दर पाच मिनिटांनी "तिला हाक मारू नका रे, ती लिहितेय" असं इतक्या खणखणीत आवाजात सांगतात की खालच्या मजल्यावरचेही हाक मारायचे थांबतात. आणि मावशी! माझ्या लेखनावर तिच्याइतका विश्वास कुणाचा नाही. "फार सुंदर लिहितेस हो. एकदा वाचायचंय मला."

स्फूर्ती मात्र घरात मिळत नाही. ती मिळते डोंबिवलीहून सुटणाऱ्या फास्टच्या लेडीज डब्यात, तीही उभ्यानं. आत शिरल्यावर बायका बसलेल्यांना "कुठे उतरणार?" विचारून सीट धरून ठेवतात. मीही विचारते, पण सीटसाठी नाही. समोरची गोष्ट किती वेळ चालेल, याचा अंदाज घ्यायचा असतो.

पूर्वी अंधेरीकडे जाणाऱ्या बायका दादरला उतरून वेस्टर्न पकडायच्या. मीही दादरचीच. त्यामुळे डोंबिवलीला सुरू झालेलं भांडण दादरपर्यंत आरंभ-मध्य-शेवटासकट ऐकायला मिळायचं. 2014 साली वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि डब्यातले निम्मे शेवट घाटकोपरलाच उतरायला लागले. मेट्रोनं लोकांचा वेळ वाचवला हे मान्य. मराठी कथेचं काय केलं, याकडे समीक्षकांनी अजून लक्ष दिलेलं नाही.

गेल्या पावसाळ्यात ठाण्याच्या पुढे एक बाई गवार मोडता मोडता मैत्रिणीला सांगत होत्या. सासूबाई गेल्यानंतर पाटल्या कुणाच्या, यावरून नणंदेशी बिनसलेलं. नणंदेचा आरोप की पाटल्या हिनं लाटल्या. हिचं म्हणणं, सगळं लॉकरमध्ये आहे. मी दांडीला लटकून जिवाचा कान केलेला. इअरफोन घातलेले, पण त्यात गाणं नव्हतं. धंद्यातली युक्ती आहे ती.

"शेवटी म्हटलं, चला, उघडूनच बघू. गेलो दोघी बँकेत. आत कागदपत्रं, आणि मागे मखमलीची डबी. हिचे डोळे बघायला हवे होते तुम्ही! मी डबी उघडली, आणि..."

"ए, घाटकोपरवाल्या, पुढे सरका!"

गवार पिशवीत गेली, पिशवी खांद्यावर गेली, बाई उतरल्या. मैत्रीणही त्यांच्यामागे. मी डबीसकट डब्यात.

मग शेवट रचणं आलं. मी डबी रिकामी दाखवली. संपादक म्हणाले, अपेक्षित आहे. पाटल्या निघाल्या, पण खोट्या निघाल्या, असं केलं. म्हणाले, मालिकेत होऊन गेलंय. सासूबाईंची चिठ्ठी घातली, दोन्ही बायकांना रडवलं. "मॅडम," ते म्हणाले, "अशी चिठ्ठी लिहिणारी सासू पटत नाही हो." यावर आमच्याही घरात एकमत झालं, सासूबाई धरून.

आता त्या बाईंनाच गाठणं भाग होतं. मी रोज एक गाडी मागे-पुढे करू लागले. ऑफिसात लेट मार्क लागत होते. कथालेखनासाठी सवलत देणारा नियम आमच्याकडे नाही. अखेर एका सकाळी त्या दिसल्या. या वेळी भेंडी. पुसून, देठ काढून. मी गर्दीतून वाट काढत पोचले तेव्हा मुलुंड गेलेलं होतं, प्रस्तावनेला वेळ नव्हता.

"डबीत काय निघालं?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी कोण, काय, काही नाही. डब्यात अशी चौकशी कुणाला वावगी वाटत नाही.

"कवळी," त्या म्हणाल्या. "सासूबाईंची. जुनी."

"आणि पाटल्या?"

"त्या पहिल्यापासून माझ्याकडेच आहेत."

मी गोष्टी लिहिते, हे तेव्हा मला सांगावंच लागलं. वाटलं, आता डबाभर आरडाओरडा होणार. त्यांनी भेंडी खाली ठेवली.

"छापून येणार? नाव बदलू नका हं! नणंदेचं पूर्ण नाव घाला, फ्लॅट नंबरसकट. पाटल्यांचं तेवढं गाळा." त्या उठल्या, पिशवी सावरली, आणि दारापर्यंत जाऊन बायकांच्या डोक्यांवरून ओरडल्या, "आणि अंक कुठे मिळतो ते सांगा! पाच-सहा तरी घेईन मी. सासरी सगळ्यांना वाटायचेत!"