खाडीकाठचा मतदार आणि ‘भरल्या पोटाचं’ पर्यावरण

‘पर्यावरण हे भरल्या पोटाचं राजकारण. युरोपात बघा, अर्थव्यवस्था जोरात असली की हरित पक्षांना मतं मिळतात, मंदी आली की ते आडवे होतात. आपल्याकडे तर असा पक्ष उभाच राहत नाही, कारण गरीब माणूस झाडाला मत देत नाही.’

नवी मुंबईतल्या नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळ जागांचा विषय निघाला की हा मजकूर फिरायला लागतो. माझ्याकडे तो चार वेगवेगळ्या ग्रुपवर आला. पाठवणाऱ्यांत माझ्या जवळची माणसंही आहेत. त्यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच नीट उत्तर द्यावंसं वाटलं.

आधी मंदीचं बघू. जर्मनीचा ग्रीन पक्ष १९८० मध्ये स्थापन झाला आणि त्या वर्षी त्याला जेमतेम १.५ टक्के मतं पडली. १९८३ मध्ये ५.६ टक्के मतं घेऊन तो पहिल्यांदा संसदेत गेला, तेव्हा पश्चिम जर्मनीत २० लाखांहून जास्त लोक बेकार होते. १९९० मध्ये पश्चिमेकडे तेजी होती, आणि नेमका तेव्हाच तिथला ग्रीन पक्ष संसदेत जायला लागणाऱ्या किमान ५ टक्के मतांच्या अटीखाली घसरून संसदेबाहेर फेकला गेला. २००९ हे तर मंदीचंच वर्ष. देशाचं उत्पादन ५ टक्क्यांच्या आसपास घटलं, आणि पक्षाला १०.७ टक्के मतं मिळाली, तोवरची सर्वात जास्त. दावा खरा असता तर या तिन्ही निवडणुकांचे निकाल उलटे लागले असते. तेजीमुळे ते हरले, असं माझं म्हणणं नाही. १९९० मध्ये सगळा देश एकीकरणाबद्दल बोलत होता आणि हा पक्ष हवामानाबद्दल. त्या पराभवाचं कारण एवढं साधं होतं.

‘पण आयर्लंडमध्ये तर मंदीनं ग्रीन पक्ष पुसून टाकला ना?’ हो, टाकला. २००७ मध्ये सहा जागा जिंकून ते फियाना फॉल या मोठ्या पक्षासोबत सरकारात गेले. पाठोपाठ बँका कोसळल्या, आणि २०११ मध्ये त्यांची एकही जागा उरली नाही. मात्र त्याच निवडणुकीत फियाना फॉलही सत्तरहून जास्त जागांवरून २० वर आला. लोकांनी शिक्षा दिली ती सरकारला. २०२० मध्ये ग्रीन पक्षानं १२ जागा जिंकल्या, पुन्हा सत्तेत वाटा घेतला, आणि २०२४ मध्ये एकच जागा राहिली. या वेळी सरकारी तिजोरी भरलेली होती.

दाव्यातलं तथ्य वेगळ्या ठिकाणी आहे. महागाईत लोकांना हवा-पाणी नकोसं होत नाही, पण ‘याचं बिल कोण भरणार?’ हा प्रश्न ते जास्त कडक आवाजात विचारतात. जर्मनीत ग्रीन पक्ष सरकारात असताना २०२३ मध्ये घरं गरम ठेवण्याच्या यंत्रणेबद्दलचा कायदा आला, तेव्हा हेच झालं. नव्या यंत्रणेचा खर्च आपल्याच माथी येणार, या धास्तीनं लोक चिडले. ग्रीन पक्षाची २०२१ मधली १४.८ टक्के मतं २०२५ मध्ये ११.६ वर आली. या घसरणीची कारणं इतरही होती, पण हे मोठं होतं. घोडबंदर रोडवर दिवसभर धूळ आणि धूर गिळणाऱ्या रिक्षावाल्याला उद्या कोणी म्हणालं, ‘बॅटरीवरची गाडी घे आणि हप्त्याचं तुझं तू बघ’, तर तो त्या पक्षाला मत देईल का? स्वच्छ हवा त्याला आपल्यापेक्षा जास्त हवी आहे. त्याला हप्ता झेपत नाही.

‘आपल्याकडे हरित पक्ष नाही’ हा पुरावा तर फारच कच्चा. ब्रिटनमध्ये १९८९ च्या युरोपीय निवडणुकीत ग्रीन पक्षाला सुमारे १५ टक्के, म्हणजे वीस लाखांहून जास्त मतं पडली. जागा मिळाली शून्य, कारण तिथे तेव्हा आपल्यासारखीच पद्धत होती: मतदारसंघात जो पहिला तो निवडून येणार. अशा पद्धतीत छोटा पक्ष दिसत नाही, म्हणून त्या विचाराचा मतदारच नाही असं कसं म्हणता येईल?

राहिला गरीब माणूस, आणि मला खरा राग येतो तो इथेच. फ्लेमिंगोंसाठी फलक घेऊन उभे राहणारे बरेचसे टॉवरमधले असतात, हे मान्य. पण दिवाळे, सारसोळे, करावे इथल्या कोळ्याला विचारा. कांदळवनाच्या मुळांशी माशांची पिल्लं वाढतात. भराव पडला आणि भरतीचं पाणी अडलं की पाग, म्हणजे फेकायचं जाळं, रिकामा येतो. चिंबोरी नाही, निवटी नाही, कोलंबी नाही. ठाणे खाडीचं अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं ते फ्लेमिंगोंच्या नावानं, पण त्याच चिखलावर कोळ्यांच्या चुली पेटतात. त्याच वर्षी राष्ट्रीय हरित लवादानं उरण-पनवेल पट्ट्यातल्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटींची भरपाई देण्याचा आदेश दिला. भरावामुळे मासेमारी बुडाली, ही त्यांची तक्रार होती. ही माणसं लवादाकडे गेली ती पोटाला चिमटा बसला म्हणूनच.

आणि मत देण्याचंच म्हणाल तर आपल्या शेजारी पेण तालुक्यात तेही झालं आहे. सप्टेंबर २००८ मध्ये सेझसाठी, म्हणजे उद्योगांच्या विशेष आर्थिक क्षेत्रासाठी, जमीन द्यायची की नाही, यावर सरकारनं स्वतः २२ गावांचा कौल घेतला. ही गावं हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातली. नोकऱ्यांचं आश्वासन समोर होतं, जमिनीला पैसाही मिळणार होता. तिथल्या भातशेतकऱ्यांनी रांगा लावून मोठ्या संख्येनं ‘नाही’ म्हटलं, आणि शेतीसाठी धरणाचं पाणी मागितलं.