उसन्या मतांचा गव्हर्नर

ब्राझीलमध्ये राष्ट्रीय नेते एखाद्या राज्याच्या गव्हर्नरवर तुटून पडले की आपल्याकडे 'केंद्र विरुद्ध राज्य' असा मथळा लागतो आणि विषय संपतो. मला तो मथळा फसवा वाटतो. तिथल्या गव्हर्नरला खऱ्या विरोधकाच्या शिव्यांनी सहसा काही होत नाही, झाली तर चार मतं वाढतात. तो आडवा होतो ते ज्याच्या नावावर मतं मागितली त्यानेच पाठ फिरवल्यावर. २०१८ नंतरची प्रकरणं शेजारी शेजारी ठेवून बघा. त्यातल्या एकात तर आपलं पुणंही आहे.

आधी रचना, कारण इथेच गल्लत होते. हे गव्हर्नर म्हणजे राजभवनातले राज्यपाल नव्हेत. २६ राज्यं आणि एक संघीय जिल्हा, प्रत्येकाचा गव्हर्नर लोक थेट निवडतात, तेही राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीच्याच दिवशी, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी. कुणालाच निम्म्याहून जास्त मतं नसतील तर शेवटच्या रविवारी दुसरी फेरी. मुदत ४ वर्षं, लागोपाठ दोनदाच. राज्याचे पोलीस गव्हर्नरच्या हाताखाली. राष्ट्राध्यक्ष त्याला घरी पाठवू शकत नाही. संघीय हस्तक्षेपाची तरतूद घटनेच्या कलम ३४ मध्ये आहे, पण तो लागू असेपर्यंत देशाची घटना दुरुस्त करता येत नाही. २०१८ च्या फेब्रुवारीत तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष तेमेर यांनी रिओच्या सुरक्षेसाठी तो लावला आणि त्यांचीच पेन्शन सुधारणा अडकून पडली. त्यामुळे आपल्या राष्ट्रपती राजवटीच्या कलम ३५६ सारखा सर्रास वापर तिथे परवडतच नाही.

मग हल्ला करायचा कशाने? पैशाने, परवानगीने, तपासयंत्रणेने आणि तोंडाने.

पैशाचं बघू. राज्याच्या तिजोरीचा कणा म्हणजे आयसीएमएस, आपल्या जुन्या व्हॅटसारखा वस्तूंवरचा कर. त्याचा चौथा हिस्सा नगरपालिकांना जातो. इंधनावर हा कर पंपावरच्या सरासरी किमतीच्या टक्केवारीत लागायचा आणि ती सरासरी दर पंधरा दिवसांनी नव्याने काढली जायची. याउलट केंद्राचा कर लिटरमागे ठरलेला. पेट्रोब्रास ही सरकारी कंपनी आंतरराष्ट्रीय भावाशी दर जोडून बसलेली. म्हणजे तेल महागलं की राज्याने दर एक टक्काही न वाढवता लिटरमागे कर आपोआप वाढायचा. २०१९ ते २०२२ राष्ट्राध्यक्ष असलेल्या उजव्या बोल्सोनारो यांनी नेमकं याच फटीत बोट घातलं. फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांनी आव्हान दिलं: गव्हर्नरांनी इंधनावरचा आयसीएमएस शून्य करावा, मी केंद्राचा कर शून्य करतो. ऐकायला झकास. पण केंद्राला इंधनावरचा कर सोडणं जमू शकतं, राज्याने सोडला तर पगाराचे वांधे. २०२१ च्या अखेरीस गव्हर्नरांनी ती सरासरी किंमत ९० दिवसांसाठी गोठवली, पंपावर फारसा फरक पडला नाही, कारण भाव चढवणारा हात दुसराच होता. निवडणुकीच्या तोंडावर, जून २०२२ मध्ये, इंधन, वीज आणि दूरसंचारावरचा आयसीएमएस १७-१८ टक्क्यांवर बांधणारा कायदा आला. राज्यांचं नुकसान भरून द्यायला पुढच्या सरकारला सुमारे २७ अब्ज रेआलची तडजोड करावी लागली. हल्ला एकाने केला, बिल दुसऱ्याने भरलं.

एवढं होऊनही इंधनाच्या या भांडणात एकही गव्हर्नर पडल्याचं मला दिसत नाही. सगळ्यांवर एकदम चिखल उडाला की कुणाच्याच अंगावर तो चिकटत नाही.

आता साओ पाउलो राज्य. २०१८ मध्ये जोआओ डोरिया गव्हर्नर झाले ते 'बोल्सोडोरिया' अशी जोडघोषणा देऊन. दुसऱ्या फेरीत डोरियांना ५१.७५ टक्के, आणि त्याच दिवशी त्याच राज्यात बोल्सोनारोंना सुमारे ६८ टक्के. हा फरक लक्षात ठेवा. डोरियांच्या विजयाला टेकू कुणाचा होता हे त्यात उघड दिसतं.

कोविड आला आणि टेकू निघाला. २४ मार्च २०२० पासून साओ पाउलोत निर्बंध लागले. दुसऱ्याच दिवशी व्हिडिओ बैठकीत राष्ट्राध्यक्षांनी डोरियांना सुनावलं की तुम्ही साथीचा निवडणुकीसाठी मंच करताय. एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना आणि नगरपालिकांना निर्बंध लावायचा अधिकार आहे असं स्पष्ट केलं, म्हणजे कायद्याची बाजू डोरियांकडे आली. मग त्यांनी खरा डाव टाकला. बुतांतान ही १९०१ सालची संस्था राज्य सरकारची आहे. सापाच्या विषावरचं औषध आणि फ्लूची लस ती पूर्वीपासून करते. जून २०२० मध्ये तिने चीनच्या सिनोव्हॅकशी कोरोनाव्हॅक या कोविडच्या लसीसाठी करार केला, जुलैत तिसऱ्या टप्प्याच्या चाचण्या सुरू झाल्या.

पण बुतांतानची अडचण अशी की तिचा मोठा गिऱ्हाईक केंद्रीय आरोग्य मंत्रालयच. लसीकरणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७३ पासून केंद्राचा. आणि परवाना देणारी अन्विसा हीदेखील केंद्राची संस्था. लस राज्याची, खरेदी आणि शिक्का केंद्राचा. २० ऑक्टोबर २०२० ला आरोग्यमंत्री पाझुएलो यांनी गव्हर्नरांच्या बैठकीत ४ कोटी ६० लाख डोस घेऊ असं जाहीर केलं. २१ तारखेला राष्ट्राध्यक्षांनी फेसबुकवर ती 'जोआओ डोरियांची चिनी लस' ठरवली आणि विकत घेणार नाही म्हणून टाकलं. २२ तारखेला पाझुएलो, जे सेनेतले जनरल आणि त्या वेळी स्वतः कोविडने आजारी, राष्ट्राध्यक्षांशेजारी बसून कॅमेऱ्यासमोर म्हणाले: एक जण हुकूम देतो, दुसरा पाळतो. तीन दिवसांत मंत्रालयाचं धोरण पूर्ण फिरलं, आणि फिरवण्याचं कारण लसीच्या बाटलीत नव्हतं, तिच्यामागे उभ्या असलेल्या माणसात होतं.

नोव्हेंबरात एका स्वयंसेवकाच्या मृत्यूनंतर अन्विसाने चाचणी थांबवली. मृत्यूचा लसीशी संबंध नव्हता आणि दोनच दिवसांत चाचणी पुन्हा सुरू झाली, पण मधल्या वेळात राष्ट्राध्यक्षांनी आणखी एक डाव जिंकल्याचा जल्लोष समाजमाध्यमावर करून घेतला होता.

डोरियांनीही शत्रूला दारूगोळा पुरवला, हे लपवण्यात अर्थ नाही. डिसेंबरात राज्यात निर्बंध कडक करून स्वतः मायामीला गेले, टीका होताच माफी मागून परत आले. त्याहून वाईट म्हणजे आकड्यांचा घोळ. ७ जानेवारी २०२१ ला परिणामकारकता ७८ टक्के असं जाहीर केलं. तो आकडा डॉक्टरकडे जायची वेळ आलेल्या रुग्णांपुरता होता. अगदी किरकोळ लक्षणंही धरून एकूण आकडा ५०.३८ टक्के, तो १२ जानेवारीला आला. जागतिक आरोग्य संघटनेची किमान अट ५० टक्के, म्हणजे लस पास होतीच. पण मोठा आकडा आधी आणि खरा नंतर सांगितला की लोकांना दुसरा आकडा पकडल्यासारखा वाटतो. दोन्ही एकाच दिवशी, एकाच तक्त्यात मांडले असते तर त्या आठवड्याची निम्मी थट्टा टळली असती.

आणि आता पुणं. पहिल्या लसीचा फोटो डोरियांचा होऊ नये म्हणून केंद्राला दुसरी लस आधी हवी होती, असं माझं वाचन आहे. ऑक्सफर्डची लस रिओची फियोक्रूझ ही केंद्रीय संस्था बनवणार होती, पण तिचं उत्पादन तयार नव्हतं. म्हणून पुण्याच्या सीरमकडून २० लाख डोस मागवायचं ठरलं. ८ जानेवारीला बोल्सोनारोंनी मोदींना पत्र लिहिलं. मुंबईला पाठवायचं विमानही सजवून ठेवलं. पण भारताचं स्वतःचं लसीकरण १६ जानेवारीला सुरू व्हायचं होतं. त्याआधी जगाला दाखवत डोस बाहेर पाठवणं दिल्लीला जमणारं नव्हतं. विमान आलंच नाही. १७ जानेवारीला, रविवारी, अन्विसाने पाच तासांच्या जाहीर बैठकीत दोन्ही लसींना आपत्कालीन मंजुरी दिली: कोरोनाव्हॅकचे ६० लाख डोस, पुण्याचे २० लाख. फरक एवढाच की ६० लाख साओ पाउलोत पोहोचलेले होते आणि २० लाख अजून भारतातच. मंजुरीनंतर थोड्याच वेळात साओ पाउलोच्या सरकारी रुग्णालयात एका परिचारिकेला पहिली सुई टोचली गेली, शेजारी डोरिया. पाझुएलो यांनी त्याला मार्केटिंग म्हणून हिणवलं. होतंच ते मार्केटिंग, पण हातात माल असलेल्याचं. पुण्याचे डोस २२ तारखेला पोहोचले, आणि राष्ट्राध्यक्षांनी संजीवनी घेऊन निघालेल्या हनुमानाचं चित्र टाकून भारताचे आभार मानले. ते चित्र आपल्याकडे सगळ्यांनी फॉरवर्ड केलं. त्याच्यामागे एका गव्हर्नरवर कुरघोडी करायची धडपड होती हे फार थोड्यांना माहीत असेल.

म्हणजे बघा, परवानगीचं हत्यार बोथट झालं. न खरेदी करण्याचंही. मंत्रालयाने त्याच जानेवारीत बुतांतानशी ४ कोटी ६० लाख डोसचा करार केला, वर ५ कोटी ४० लाखांचा पर्याय ठेवून. सुरुवातीच्या महिन्यांत देशात टोचलेले बहुतेक डोस कोरोनाव्हॅकचेच होते. लढाई डोरियांनी निर्विवाद जिंकली.

आणि राजकारणातून संपले. नोव्हेंबर २०२१ मध्ये पक्षांतर्गत निवडणूक जिंकून राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार झाले, मार्च २०२२ अखेर गव्हर्नरपद सोडलं, मे महिन्यात माघार. चाचण्यांमध्ये एक आकडी टक्क्यांच्या वर कधी गेलेच नाहीत. त्यांचा पक्ष तोवर आतून पोखरला होता, हे खरं. स्वभावाने ते कुणालाच फारसे आवडत नव्हते, हेही खरं. पण मूळ हिशेब सोपा आहे. उजव्या मतदाराला ते गद्दार वाटले, आणि डाव्या मतदाराला 'बोल्सोडोरिया' विसरता आलं नाही. घट्ट पँटवाला म्हणून राष्ट्राध्यक्ष त्यांची टर उडवायचे. ती टर लागली, कारण हसणारे लोक डोरियांचे जुने मतदार होते.

याच्या उलट ईशान्य ब्राझील. जुलै २०१९ मध्ये बोल्सोनारोंनी तिथल्या गव्हर्नरांना एका हेटाळणीच्या शब्दाने संबोधलं आणि त्यात मारान्याओचा सगळ्यात वाईट, असं म्हणताना माइक चालू राहिला. मारान्याओचे फ्लाव्हिओ दिनो तेव्हा कम्युनिस्ट पक्षात. त्यांना राष्ट्राध्यक्षाचं एक मतही लागत नव्हतं. त्या भागातल्या राज्यांनी त्याच वर्षी एकत्र खरेदीसाठी आणि दबावासाठी संघ उभा केला. २०२२ मध्ये दिनो, सेआराचे कामिलो सांताना, पियाउईचे वेलिंग्टन दियास आणि आलागोआसचे रेनान फिल्यो, चौघेही सेनेटवर निवडून आले आणि पुढे बोल्सोनारोंना हरवून राष्ट्राध्यक्ष झालेल्या डाव्या लुलांच्या मंत्रिमंडळात बसले. शिवी तीच, तोंड तेच; पण इथे मतं कुणाकडून उसनी आणलेली नव्हती.

रिओच्या विल्सन वित्झेल यांचं प्रकरण यात घालताना जपावं लागतं. तेही २०१८ च्या लाटेवर आलेले, राष्ट्राध्यक्षपदाची स्वप्नं बोलून दाखवताच बोल्सोनारोंपासून तुटलेले. गव्हर्नरवर फौजदारी खटला चालतो तो एसटीजे या वरिष्ठ न्यायालयात, आणि २०१७ पासून त्यासाठी विधानसभेची परवानगी लागत नाही. ऑगस्ट २०२० मध्ये त्याच न्यायालयातल्या एका न्यायाधीशांनी त्यांना पदावरून बाजूला केलं. त्यांनी राजकीय सूडाची ओरड केली. पण एप्रिल २०२१ मध्ये महाभियोगाच्या न्यायाधिकरणाने १० विरुद्ध ० मतांनी त्यांना काढलं. साथीतल्या आरोग्यखात्याच्या कंत्राटांचं प्रकरण होतं. सूड असेलही, पण एकही मत बाजूने नाही म्हणजे निव्वळ सूडाची गोष्ट सांगता येत नाही.

तार्सिसियो द फ्रेइतास यांच्याकडे बघताना मला म्हणूनच डोरिया दिसतात. बोल्सोनारोंचे पायाभूत सुविधा मंत्री, जन्म रिओचा, २०२२ मध्ये साओ पाउलोत उतरवलेले. दुसऱ्या फेरीत त्यांना राज्यात ५५.२७ टक्के आणि बोल्सोनारोंना ५५.२४ टक्के. इतकी जुळी बेरीज क्वचित दिसते. जुलै २०२५ मध्ये ट्रम्प यांनी बोल्सोनारोंवरच्या खटल्याचं कारण पुढे करत ब्राझीलवर ५० टक्के आयातशुल्क जाहीर केलं. विमानं, संत्र्याचा रस, कॉफी... अमेरिकेला सगळ्यात जास्त माल पाठवणारं राज्य साओ पाउलोच. लुलांच्या गोटाने तार्सिसियोंचा ट्रम्प-टोपीतला जुना फोटो बाहेर काढला. अर्थमंत्री हद्दाद यांनी 'राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार की मांडलिकपदाचे' असा टोला मारला. हे अपेक्षितच होतं आणि खपून गेलं असतं. पण कारखानदारांच्या काळजीने तार्सिसियो अमेरिकी दूतावासाशी बोलायला गेले तेव्हा त्यांच्यावर उघड तुटून पडले ते एद्वार्दो बोल्सोनारो, माजी राष्ट्राध्यक्षांचे चिरंजीव. आपल्याच लोकांकडून 'उच्चभ्रूंची चाकरी' हा आरोप आला आणि गव्हर्नरची भाषा बदलली. ७ सप्टेंबरच्या सभेत याच तार्सिसियोंनी त्या खटल्यातले सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश मोराइस यांच्यावर जुलूमशाहीचा आरोप केला. विरोधकाच्या टोल्याने जे झालं नाही ते सावकाराच्या एका तगाद्याने झालं.

अशी बातमी पुढे दिसली तर शिवी कोणती, हे सोडून द्या. निवडणुकीतली गव्हर्नरची टक्केवारी आणि त्याच राज्यातली राष्ट्रीय नेत्याची टक्केवारी शेजारी मांडा. मग कॅलेंडर बघा. दुसऱ्या पदासाठी उभं राहायचं तर गव्हर्नरला सहा महिने आधी राजीनामा द्यावा लागतो. मतदान ४ ऑक्टोबर २०२६, म्हणजे अखेरची तारीख ४ एप्रिल. हल्ल्यांचा जोर या तारखेच्या अलीकडे असतो, कारण तोवर त्याला खुर्ची सोडण्यापासून घाबरवता येतं. ५ डिसेंबर २०२५ ला बोल्सोनारो घराण्याने स्वतःचाच मुलगा, सेनेटर फ्लाव्हिओ, उमेदवार म्हणून पुढे केला. चार महिने हातात असताना. तार्सिसियोंनी त्यांना पाठिंबा देऊन टाकला.