वाघिणीची ओळखपरेड

जुन्या ब्रिटिश रेल्वेचे फोटो काढणाऱ्यांवर माझा राग आहे. इंजिनाचा रिव्हेट न् रिव्हेट टिपायचा आणि मागची बंद वाघीण, म्हणजे मालडबा, निम्म्यावर कापायची! त्या उरलेल्या निम्म्यावरून खऱ्या फुटाला ४ मिमी या मापात अख्ख्या वाघिणीचं मॉडेल उभं करायचं, याला आम्हा मॉडेलवाल्यांत विरंगुळा म्हणतात.

नवशिका आधी नंबर आणि रंग बघतो. दोन्ही दगाबाज. १९४८च्या राष्ट्रीयीकरणानंतर जुन्या कंपन्यांच्या नंबरांआधी अक्षरं आली: एलएमएसला (लंडन, मिडलंड अँड स्कॉटिश) एम, लंडन अँड नॉर्थ ईस्टर्नला ई, ग्रेट वेस्टर्नला डब्ल्यू, सदर्नला एस. बी असेल तर वाघीण खुद्द ब्रिटिश रेल्वेजची, म्हणजे राष्ट्रीयीकरणानंतरच्या सरकारी रेल्वेची. सोपं वाटतं ना? पण युद्धकाळात सदर्नने आपल्याच घडणीच्या वाघिणी एलएमएसलाही बांधून दिल्या. त्यामुळे छप्पर सदर्नचं आणि अक्षर एम, असंही पाहायला मिळतं. रंगाचं तर बोलूच नका. एलएमएस १९३६च्या सुमारास राखाडीवरून बॉक्साइटवर, म्हणजे तांबूस तपकिरीवर गेली, आणि जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला तांबडं दिसतच नाही. सगळं काळपट.

म्हणून आधी टोकाची भिंत आणि दरवाजा. पन्हळी पत्र्याची भिंत आणि सरकता दरवाजा असेल, तर पहिला संशय एलएमएसचा. पन्हळी पत्रा आणि बिजागऱ्यांची दुपाखी दारं म्हणजे बहुधा ब्रिटिश रेल्वेज. भिंत फळ्यांची आणि छप्पर मध्ये पसरट, कडांना झपकन खाली वळलेलं असेल, तर सदर्न. ग्रेट वेस्टर्नची १८८६पासूनची १६ फुटी ‘आयर्न मिंक’ सगळीच लोखंडी. ओळखू येण्याचं सौजन्य दाखवणारी ही एकच.

मग चाकं. फोटो बऱ्यापैकी समोरून घेतलेला हवा. दोन अ‍ॅक्सलमधल्या अंतराला सांगाड्याच्या लांबीने भागा. लांबी १७ फूट ६ इंच असेल, तर उत्तर ०.५१ आलं की अंतर ९ फूट, ०.५७ आलं की १० फूट. मॉडेलवर ३६ मिमी आणि ४० मिमी. हे आधी केलं नाही, की फोटोतली वाघीण ९ फूट अंतराची आणि किटमधला तयार सांगाडा १० फूट अंतराचा निघतो. मग दोन्हीकडचे अ‍ॅक्सल २-२ मिमी आत घ्या, त्यांच्यामागोमाग ब्रेकचे ठोकळे सरकवा, ओढदांडे आखूड करा. वरची पेटी तोवर रंगवून, नंबर लावून, बोट लावायची सोय नाही अशा अवस्थेत वाट बघत असते.

बफरही, म्हणजे टोकांचे धक्का झेलणारे दांडेही, तपासा. व्हॅक्यूम ब्रेक (इंजिनावरून लागणारा) नसलेल्या वाघिणीचे साधारण १ फूट ६ इंच लांब, असा ब्रेक असलेलीचे १ फूट साडेआठ इंच. मॉडेलवर फरक ०.८ मिमी. घरच्यांना दाखवू नका. दिसणार नाही, वर चष्म्याचा नंबर विचारतील. शिवाय पुष्कळ वाघिणींना व्हॅक्यूम ब्रेक मागाहून बसला आणि राखाडीची बॉक्साइट झाली, फळ्यांच्या जागी प्लायवूड आलं. तेव्हा ‘ही वाघीण कशी होती’ असं विचारण्यात अर्थ नाही. कोणत्या साली, ते आधी ठरवा.

मॉर्टन नावाच्या हातब्रेकचा दांडा दोन्ही बाजूंनी उजव्या टोकाला असतो. त्यासाठी एका बाजूला फिरण्याची दिशा उलटवणारा क्लच लागतो. किटमध्ये तो कणभर तुकडा असतो आणि सांडला की गालिच्याचाच. फोटोत दांडा डावीकडे दिसला, तर नवा प्रकार सापडला म्हणून नाचू नका. निगेटिव्ह उलटी छापली असण्याची शक्यता जास्त. नंबर वाचून खात्री करता आली असती, पण तो नेमका कापलेल्या निम्म्यात.