होल्डन बघायचा तर आर्नोस ग्रोव्हला उतरा

लंडनला निघालेल्या आर्किटेक्चरच्या पोरांना जो तो सिनेट हाउस, म्हणजे चार्ल्स होल्डन या वास्तुविशारदाने बांधलेली लंडन विद्यापीठाची इमारत, बघायला सांगतो. मला विचाराल तर होल्डनसाठी तिथल्या भुयारी रेल्वेची पिकाडिली लाइन पकडावी.

सिनेट हाउस वाईट नाही हो. १९३७ सालचा ६४ मीटर उंचीचा, पांढऱ्या पोर्टलंड दगडाचा मनोरा. पण समोर उभं राहिलं की छाती दडपते. महायुद्धात ब्रिटिश सरकारचं माहिती खातं तिथे बसायचं. शोभलंही असेल!

पिकाडिली लाइनवरचं त्याचं आर्नोस ग्रोव्ह स्टेशन १९३२ चं. विटांचं गोल पिंप, त्याला उंचच उंच खिडक्या, वर काँक्रीटचं सपाट छत. आत मधोमध एकच खांब आणि त्याच्या पायाशी जुनी, आता वापरात नसलेली तिकीट खिडकी. गर्दी आपसूक दोन्ही बाजूंनी वाहते, कुणाला पाटी वाचावी लागत नाही. रोज धावतपळत कामावर जाणाऱ्या माणसासाठी कुणीतरी एवढा विचार केला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

यात निम्मं श्रेय फ्रँक पिकचं. भुयारी रेल्वेचा हा साहेब १९३० साली होल्डनला घेऊन जर्मनी, हॉलंड, डेन्मार्क, स्वीडन पालथं घालून आला. स्टॉकहोमचं गोल ग्रंथालय आर्नोस ग्रोव्हमध्ये सरळ दिसतं. होल्डन स्वतः या स्टेशनांना काँक्रीटचं झाकण घातलेली विटांची खोकी म्हणायचा. पिक मात्र असा काटेकोर, की सडबरी टाउनच्या नव्या कोऱ्या स्टेशनात वस्तू विकणारी यंत्रं वेडीवाकडी लावलेली बघून त्याचा पारा चढला. (असा एक साहेब आपल्या लोकलला मिळाला तर!)

होल्डनचा साधेपणा युरोपातून उसना आणलेला नव्हता, असं माझं मत आहे. पहिल्या महायुद्धानंतर तो फ्रान्स-बेल्जियममध्ये सैनिकांची कब्रस्तानं आखत होता. हजारो सारख्याच शिळांमध्ये नक्षीकाम करून कुणाला काय दाखवणार?

म्हणून तो भित्रा होता असंही नाही. १९२९ मध्ये ५५ ब्रॉडवे या रेल्वेच्या मुख्यालयावर त्याने शिल्पकार जेकब एपस्टाइनची नग्न शिल्पं लावली आणि वर्तमानपत्रांनी रान उठवलं. पिकने राजीनामा देऊ केला. शेवटी एपस्टाइनने एका मुलाच्या लिंगाचा दीड इंच छाटून दिला, तेव्हा कुठे प्रकरण मिटलं.

‘सर’ हा किताब होल्डनने दोनदा नाकारला, १९४३ आणि १९५१ मध्ये. इमारत अनेकांच्या हातून उभी राहते, एकट्याने मान का घ्यावा, असं त्याचं म्हणणं.