रोझरीला ‘पोपटपंची’ म्हणणाऱ्या वाचकांस

नमस्कार,

रोजची माळ (म्हणजे रोझरी, मणी मोजत ‘नमो मरिया’ ही मरियेची प्रार्थना ५३ वेळा म्हणायची ती) आणि संतांच्या पुस्तकांची रोजची दोन पानं यातून माणूस पावित्र्यात हळूहळू कसा वाढतो, या माझ्या लेखावर तुम्ही परवा रात्री लिहिलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. मग दोन दिवस मुद्दाम गप्प बसले, कारण त्याच रात्री लिहायला घेतलं असतं तर नको ते लिहून बसले असते. राग आताही पूर्ण गेलाय असं नाही, पण लिहिते.

बाकीच्यांसाठी आधी तुमचं म्हणणं सांगते. संत फ्रान्सिस दे सेल्सच्या ‘भक्तिमय जीवनाची ओळख’ या पुस्तकाचं साल मी चुकवलं असं तुम्ही दाखवलंत. मग लिहिलंत, ‘५३ वेळा तेच तेच पुटपुटणं ही निव्वळ पोपटपंची आहे, त्यातून माणूस पवित्र होत नाही, आपण पवित्र आहोत असं त्याला वाटायला लागतं एवढंच.’ पुढे, ही जुनी पुस्तकं मठातल्या लोकांसाठी होती, संसारी माणसाला त्यांचा काय उपयोग. आणि रोज माळ जपणारी माणसं घरात कशी वागतात ते एकदा बघा. शेवटची ओळ, ‘उत्तर असेल तर द्या, नाहीतर नेहमीसारखं तुमच्यासाठी प्रार्थना करते म्हणून मोकळ्या व्हा.’

सालाचं बरोबर आहे तुमचं. ते पुस्तक १६०९ चं, मी १६१९ लिहिलं होतं. चूक माझी, आज दुपारी दुरुस्त केली. चूक दाखवली की मला राग येत नाही, हे तुमच्या लक्षात यावं म्हणून आधी हे सांगितलं.

आता ‘पुटपुटणं’ आणि ‘पोपटपंची’. हे शब्द वापरताना ते कोणाकोणाला लागणार याचा क्षणभर तरी विचार केलात का? तुम्ही मला उद्देशून लिहिलंत, पण मी एकटी थोडीच माळ जपते. आजारी माणसं जपतात, ज्यांना वाचता येत नाही ती माणसं जपतात, रात्री झोप न लागणारी जपतात, ज्यांचं दिवसभर कोणी ऐकून घेत नाही ती जपतात. ‘मन हजर नसेल तर नुसत्या शब्दांचा उपयोग काय?’ असा प्रश्न तुम्हाला विचारता आला असता आणि मी आनंदानं बोलले असते, कारण तो प्रश्न मी स्वतःलाच कितीतरी वेळा विचारलाय. पण तुम्ही विचारलं नाहीत, निकाल देऊन मोकळे झालात. उचलली जीभ लावली टाळ्याला.

आणि त्याला आधार म्हणून बायबलमधलं मत्तय ६:७ टाकलंत, ‘व्यर्थ बडबड करू नका’. आता हेच वचन माळ हातात धरणाऱ्या प्रत्येकाला कोणी ना कोणी ऐकवलेलं असतं. पण दोनच वचनं पुढे, ९ व्या वचनापासून येशू काय करतो? शिष्यांना ठरलेल्या शब्दांची प्रार्थना देतो, ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’. म्हणजे त्याचा आक्षेप ‘व्यर्थ’ या शब्दावर आहे, पुन्हा पुन्हा म्हणण्यावर नाही. गेथशेमाने बागेत तो स्वतः तिसऱ्यांदा जाऊन तेच शब्द बोलून प्रार्थना करतो, मत्तय २६:४४, त्याच शुभवर्तमानात. स्तोत्र १३६ उघडा, २६ वचनं आहेत आणि प्रत्येक वचनाचा शेवट देवाची दया सनातन आहे असाच होतो, २६ वेळा. यरीहोच्या वाटेवरचा आंधळा बार्तीमय ‘दावीदाच्या पुत्रा, माझ्यावर दया कर’ असं ओरडतो, लोक त्याला गप्प बस म्हणतात आणि तो तेच आणखी मोठ्यानं ओरडतो. येशू त्याला, वेगळ्या शब्दांत मागून बघ, असं म्हणत नाही. थांबतो आणि त्याला बोलवायला सांगतो.

तुमच्या वाक्यामागे मला आणखी एक समज दिसते, की मनातल्या मनात केलेलं ध्यान वरच्या दर्जाचं आणि तोंडानं म्हटलेली प्रार्थना खालच्या दर्जाची. हे सोळाव्या शतकातल्या स्पॅनिश मठवासिनीला, अविलाच्या संत तेरेजाला विचारा. अंतरंगातल्या किल्ल्याची सात दालनं दाखवणारी ही बाई, १९७० मध्ये चर्चनं तिला धर्मपंडित (डॉक्टर ऑफ द चर्च) म्हणून मान दिला, म्हणजे ध्यानाबद्दल तिचा शब्द प्रमाण धरायला हरकत नसावी. तर ती आपल्या सिस्टरांना ‘पूर्णत्वाचा मार्ग’ समजावताना एका वयस्कर बाईची गोष्ट सांगते. त्या बाईला ध्यान जमायचंच नाही, तोंडानं म्हणायच्या प्रार्थना तेवढ्या जमायच्या, आणि त्याचंच दुःख घेऊन ती तेरेजाकडे आली. तेरेजानं तिला नीट विचारलं तेव्हा कळलं की ‘आमच्या बापा’ला धरून राहता राहता ही शुद्ध चिंतनापर्यंत पोचलीय आणि तिला स्वतःला त्याचा पत्ताही नाही. तेरेजा लिहिते की मला तिच्या त्या प्रार्थनेचा हेवा वाटला. आणि येशूसंघाचा संस्थापक लोयोलाचा संत इग्नेशियस तर आपल्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकात प्रार्थनेची एक पद्धतच देतो की एका श्वासाला एक शब्द घ्या आणि पुढचा श्वास येईपर्यंत त्या शब्दावर मन ठेवा. तोंडातले ठरलेले शब्द मनाला धरायला दिलेली दोरी असते, हे ज्यांनी आयुष्यभर प्रार्थना केली त्यांना ठाऊक होतं.

हो, चिंतनाशिवाय रोझरी म्हणजे आत्म्याशिवाय शरीर, हे १९७४ मध्ये पोप पॉल सहावे यांनीच लिहून ठेवलंय, यांत्रिक होण्याचा धोकाही त्यांनीच सांगितलाय. मला ते माहीत आहे. पण म्हणून माळ खुंटीला टांगा असं त्यांनी सांगितलं नाही. सावकाश म्हणा, प्रत्येक दशकाचं, म्हणजे दहा मण्यांच्या भागाचं, रहस्य (येशू-मरियेच्या जीवनातला प्रसंग) डोळ्यांसमोर ठेवा असं सांगितलं. गाब्रिएल दूताचा निरोप, गोठ्यातला जन्म, बागेतला घाम, क्रूस उचलून चालणं, रिकामी कबर, हे डोळ्यांसमोर हवं, नमो मरिया त्याच्याखाली श्वासासारखी चालत राहते. मूल झोपवताना आई एकच अंगाईची ओळ वीस वेळा म्हणते तेव्हा तिचं लक्ष ओळीकडे नसतं, मुलाच्या तोंडाकडे असतं. आणि लक्ष उडतं हो, सगळ्यांचंच उडतं. लिजूच्या छोट्या तेरेजानं स्वच्छ कबूल केलंय की एकटीनं रोझरी म्हणणं तिला अंगाला क्लेश देणाऱ्या प्रायश्चित्तापेक्षा जड जायचं आणि याची तिला लाज वाटायची. पुढे तिला उमगलं की स्वर्गातल्या आईला माझी इच्छा दिसते, तेवढ्यानं ती समाधान मानत असेल. ही २४ व्या वर्षी गेलेली मुलगी आज चर्चची धर्मपंडित आहे. तिलाही पोपट म्हणणार का?

तुम्ही मला विचारलं नाहीत तरी आता माझं सांगते. तुमचं आज जे मत आहे ना, तेच मत घेऊन मी अकरा वर्षं काढलीत. कॉलेजात असताना माळ सोडली, म्हटलं मी देवाशी माझ्या शब्दांत बोलेन, पाठ केलेलं कशाला. पहिली दोनेक वर्षं बोललेही. मग माझे शब्द म्हणजे तक्रारींची यादी झाली, मग यादीही आटली, आणि शेवटी रविवारी चर्चमध्ये मिस्सेला (उपासनेला) जाऊन बसायचं एवढंच उरलं, तेही घरच्यांना वाईट वाटू नये म्हणून. देवाशी भांडण नव्हतं, फक्त बोलायला काही उरलं नव्हतं.

मग आईला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. काहीही विचारलं की ‘हो’ म्हणायची, पाणी हवंय का, हो, दुखतंय का, हो, मी कोण, हो. तिची माळ लाकडी मण्यांची, वापरून वापरून गुळगुळीत झालेली, आणि तिसऱ्या दशकातला एक मणी कधीतरी हरवला होता तिथे तिनं काळ्या दोऱ्याची जाड गाठ मारून ठेवलेली. ती गाठही ती मण्यासारखीच मोजायची. एका संध्याकाळी दुसरं काही सुचेना म्हणून मी तिच्या उशाशी बसून ती माळ हातात घेतली आणि अकरा वर्षांनी नमो मरिया सुरू केली. अर्धी झाली आणि मला पुढचं म्हणता येईना, आवाजच फुटेना. तेव्हा आईनं पुढचं म्हटलं. ‘पवित्र मरिये, देवाच्या माते’ इथून शेवटपर्यंत, ‘आता आणि आमच्या मरणाच्या वेळी’ हे सुद्धा, एकही शब्द न अडखळता. जिला मुलीचं नाव घेता येत नव्हतं तिनं. मग डावा हात पुढे करून तिनं माळ माझ्याकडून घेतली आणि तिसऱ्या दशकात त्या गाठीपाशी अंगठा आला तेव्हा नेहमीसारखी क्षणभर थांबली.

डॉक्टरांनी नंतर समजावलं की वर्षानुवर्षं पाठ असलेले शब्द मेंदूत वेगळ्या वाटेनं येतात, बोलणं गेलं तरी ते टिकू शकतात. असेल, मला त्यावर वाद घालायचा नाही. तुम्ही म्हणाल, बघा, हीच पोपटपंची. मी म्हणते, तिनं पन्नास वर्षं रोज थोडं थोडं साठवलं होतं आणि सगळं गेलं त्या दिवशी तेवढंच तिच्यापाशी उरलं, आणि त्यात जे मागायचं ते सगळं होतं. त्यानंतर ती सात महिने होती. आम्ही रोज म्हणायचो, पहिला अर्धा भाग मी आणि दुसरा ती. तुमच्या शब्दात सांगायचं तर पुटपुटायचो.

पुस्तकांचं थोडक्यात सांगते. मठातल्या लोकांसाठी होती म्हणता, आणि ज्या पुस्तकाचं साल तुम्ही एवढं नेमकं पकडलंत ते नेमकं कोणासाठी लिहिलं होतं हे मात्र बघितलं नाहीत. संत फ्रान्सिस दे सेल्सनं ते संसारी माणसांसाठी लिहिलं, एका विवाहित बाईला मार्गदर्शन म्हणून दिलेल्या टिपणांतून ते उभं राहिलं. त्यात सुरुवातीलाच तो सांगतो की बिशपनं कार्थुसी मठवाशासारखा एकांत धरला किंवा कारागीर दिवसभर चर्चमध्ये बसून राहिला तर ती भक्ती नव्हे, ज्याच्या त्याच्या कामाला आणि संसाराला शोभेल अशी भक्ती हवी. सैनिकाच्या छावणीतून, कारागिराच्या दुकानातून, संसारी माणसाच्या घरातून भक्तीला हाकलून लावू पाहणं हे तो चक्क पाखंड म्हणतो. इग्नेशियस सैनिकच होता, १५२१ मध्ये पांप्लोनाला तोफगोळ्यानं पाय मोडून पडला, वेळ जाईना म्हणून शूरांच्या कथा मागितल्या तर घरात ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रंच निघाली. सतराव्या शतकातला फ्रेंच ब्रदर लॉरेन्स मठातला खरा, पण त्यानं आयुष्याची कितीतरी वर्षं मठाच्या स्वयंपाकघरात काढली. आणि अविलाची तेरेजा म्हणते, ख्रिस्तप्रसाद घेतल्यानंतरची वेळ सोडली तर १८ वर्षं पुस्तक जवळ असल्याशिवाय प्रार्थनेला बसायची माझी हिंमत नव्हती. मी रोज दोनच पानं वाचते. दे सेल्सचं एक म्हणणं, की स्वतःच्या चुकांवरही चिडू नका, स्वतःशीही सौम्य राहा, हे मला पचायला वर्ष लागलं, अजून पूर्ण पचलेलं नाही.

राहिलं ते माळ जपणाऱ्यांच्या घरातल्या वागण्याचं. यावर मी फार लिहिणार नाही. तुम्ही कोणाच्या घरात डोकावलात ते मला माहीत नाही, माझ्या घरात तर आलेला नाहीत, आणि असले टोमणे मारायला पुरावा लागत नाही हे मला समजतं. माझ्यापुरतं सांगते, मी चिडते, घरच्यांवर आवाज चढवते. दर महिन्याला पापनिवेदनाला जाते आणि तेच पाप जवळजवळ त्याच शब्दांत सांगते, आणि फादर ठरलेल्या त्याच शब्दांत क्षमा देतात. तीही पोपटपंचीच म्हणायची का? मला नाही वाटत. त्या शब्दांवरच मी पुढचा महिना काढते.

आणि तुमची शेवटची ओळ, प्रार्थना करते म्हणून मोकळ्या व्हा. ती टोचली, कारण ती खरी आहे आणि तुम्ही ती हिणवण्यासाठी वापरलीत. काल रात्री आईच्या माळेवर तिसरं दशक तुमच्यासाठी म्हटलं, नाव माहीत नाही म्हणून ‘तो वाचक’ एवढंच म्हटलं. चौथ्या मण्यावर तुमचं वाक्य आठवलं आणि मनात परत भांडण सुरू झालं, गाठ कधी मागे गेली कळलंच नाही. मग दशकाच्या पहिल्या मण्यावर परत आले आणि पुन्हा म्हटलं.