"लाकडाचा बॉयलर नावालाच, रात्रभर हीटर चालू" या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब, तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. ऐन थंडीत पहाटे रेडिएटर गार पडले आणि घरच्यांचे हाल झाले, त्याबद्दल मनापासून सॉरी. मेकॅनिक यायला दुसरा दिवस उजाडला हेही खरंय, सीझनमध्ये सगळ्यांचे फोन एकदमच येतात, त्याचं काय करता येईल ते बघतोय.

पण तुम्ही लिहिलंय की यांनी मुद्दाम विजेचा हीटर चढवून ठेवला, बॉयलर दाखवायला आणि बिल आमच्या डोक्यावर, हे मात्र खूप लागलं. साहेब, तुमच्या लाईट बिलातला एक पैसा आम्हाला मिळत नाही, मग आम्ही कशाला चढवू? लोक चार ओळी वाचतात आणि पुढच्या दुकानात जातात, आमचं घर याच धंद्यावर चालतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

सिस्टीम (लाकडाचा बॉयलर, त्याचं गरम पाणी साठवणारी टाकी आणि टाकीतला विजेचा बॅकअप हीटर) ताब्यात दिली तेव्हा हीटर 45 डिग्रीला सेट होता. फोटो आहे, तुमच्यासमोरच काढलाय. म्हणजे टाकीतलं वरचं पाणी 45 च्या खाली उतरलं तरच हीटर लागणार, एरवी गप्प. बॅकअप असतो तो एवढ्यासाठीच, तुम्ही गावाला गेलात, आजारी पडलात, लाकूड घालायला कोणी नाही, तर घर गारठू नये आणि पाईप गोठू नयेत. परवा आमचा माणूस आला तेव्हा कंट्रोलरवर 70 होतं. आपोआप 45 चे 70 होत नाहीत हो. कोणी केलं ते मी विचारत नाही, पहाटे थंडी वाजली की कोणीही बटण वर करणारच, पण मग त्याचं खापर आमच्यावर का?

आणि या 70 ने नुसतं बिल नाही वाढलं. हीटर 6 किलोवॅटचा आहे, चालू असला की तासाला 6 युनिट. तुमची टाकी हजार लिटरची, ती 40 वरून 80 डिग्रीला गेली की साधारण 46 युनिटएवढी उष्णता तिच्यात मावते. सुक्या लाकडातून किलोमागे 4 युनिटच्या आसपास उष्णता निघते, म्हणजे 15 किलोची एक भरणी केली तर थोडी वाया जाऊनसुद्धा 50 च्या घरात, थोडी घर खातं, बाकीची टाकीत. हिशोब बरोबर बसतो, त्या हिशोबानेच टाकी दिली होती. पण हीटरने टाकीचा वरचा भाग रात्रीच 70 ला नेऊन ठेवला तर सकाळी तुम्ही पेटवलेल्या लाकडाची उष्णता जाणार कुठे? भरल्या हंड्यात आणखी पाणी ओतल्यासारखं झालं ते. बॉयलर बघतो की पाणी लिमिटला आलंय, पंखा बंद करतो, हवा तोडतो, आणि आत भरलेलं लाकूड जळायच्या ऐवजी नुसतं धुमसत बसतं. तुम्ही ज्याचा फोटो टाकलाय ते डांबर अशा धुमसण्यानेच जास्त साचतं. (फोटोत जे वरच्या कप्प्याच्या भिंतीला दिसतंय तेवढं तर प्रत्येक गॅसिफिकेशन बॉयलरमध्ये (लाकडातून आधी गॅस काढून तो जाळणाऱ्या बॉयलरमध्ये) असतं, त्याला कोणी घाबरू नका. खालच्या नळ्यांत आणि चिमणीत साचलं तर मात्र काळजी, ते पेट घेऊ शकतं. म्हणून आमच्या माणसाने न सांगता चिमणीही साफ करून दिली, ते रिव्ह्यूत आलं नाही.)

आता मुळात पहाटे घर गार का पडलं? लाकूड. तुम्ही म्हणालात वर्षभर सुकवलेलं आहे, सप्लायरने तसं सांगितलं असेल, तुमच्यावर अविश्वास नाही. पण आमच्या माणसाने तुमच्याच ढिगातला एक ओंडका घेतला, बाहेरून मीटर लावला तर 17 टक्के ओल. तोच ओंडका कुऱ्हाडीने फोडून आतल्या ताज्या बाजूला टोचलं तर 34. तुम्ही बाजूलाच उभे होतात. 20 च्या खाली पाहिजे. ताजं तोडलेलं लाकूड जवळजवळ निम्मं पाणीच असतं, आणि अख्खे ओंडके रचून ठेवले तर आतून लवकर सुकत नाहीत, आधी फोडायचे, वारा लागेल असे रचायचे, फक्त वरून झाकायचं. ओल्या लाकडाच्या वजनात बरंचसं पाणीच असतं, वर उष्णतेचा काही भाग ते पाणी उकळण्यात जातो, म्हणून टाकी पुरेशी तापत नाही आणि पहाटे घर गार पडतं. पेटल्यावर टोकाला फेस येऊन चर्रचर्र आवाज येत असेल तर समजा, ते ओलं आहे.

"पाणी गळतं" असंही लिहिलंय. ती गळती नाही, त्या रात्री लाईट गेली, पंप थांबला, बॉयलर तापला आणि 95 डिग्रीच्या आसपास सेफ्टी व्हॉल्व उघडून गार पाण्याने आतली उष्णता ड्रेनमध्ये सोडली. तो त्यासाठीच बसवतात. तसंच 60 डिग्रीच्या खालचं पाणी बॉयलरमध्ये परत जाऊ नये म्हणून मिक्सिंग व्हॉल्व (परतीच्या गार पाण्यात गरम पाणी मिसळणारा) आम्ही प्रत्येक ठिकाणी लावतो, तो न लावता स्वस्तात काम करून देणारे बरेच आहेत, त्यांचे रिव्ह्यू बघा कधीतरी.

कंट्रोलरला लॉक टाकायचं आणि सोप्या भाषेतला कागद बॉयलरशेजारी चिकटवायचं आमच्या डोक्यात आहे, हळूहळू सगळीकडे करू. ओल मोजायचा मीटर तुमच्याकडे ठेवून जायला सांगितलंय, पैसे नकोत. चार-पाच दिवस सुकं लाकूड जाळून बघा, मग एक स्टार ठेवायचा की बदलायचा ते तुमचं तुम्ही ठरवा. हीटर परत 45 वर केलाय, प्लीज तेवढ्याला हात लावू नका, थंडी वाजली तर आधी मला फोन करा.