सहा महिन्यांचा नियम आणि दाराची पुली: लकव्याच्या त्या मेसेजला उत्तर

गेल्या आठवड्यात तो मेसेज मला तिसऱ्यांदा आला. या वेळी एका पेशंटच्या सुनेने पाठवला होता आणि खाली विचारलं होतं, "ताई, आबांना तर आठ महिने झाले. मग आता कशाला त्यांना दमवायचं?"

मेसेज थोडक्यात असा: अंगावरून वारं गेलं की तीन महिने पूर्ण विश्रांती द्या, मेंदू थकलेला असतो. दोन वेळा गरम तेलाने मालिश करा, नसा मोकळ्या होतात. हातात चेंडू द्या, दाराला पुली लावा. सहा महिन्यांत जे आलं ते आलं, पुढे पैसे घालवू नका. तोल जात असेल तर चालवू नका, चक्करेची गोळी चालू ठेवा. शेवटी हात जोडलेले आणि "दहा जणांना पाठवा".

मी न्यूरो फिजिओथेरपी करते, निम्मं काम लोकांच्या घरी जाऊन. मेसेजचा क्रम बाजूला ठेवते आणि आबांच्या घरात अडलेल्या वाक्यापासून सुरू करते.

सहा महिने. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा भराभर होते आणि मग वेग मंदावतो, इथपर्यंत बरोबर. पण मंदावतो, थांबत नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या 'एक्साइट' या अमेरिकी अभ्यासात २२२ पेशंट होते, लकव्याचा झटका येऊन तीन ते नऊ महिने झालेले. दोन आठवडे त्यांच्या चांगल्या हातात जागेपणीचा बहुतेक वेळ जाड मोजा घालून ठेवला आणि कामं लकव्याच्या हाताकडून करून घेतली. हात सुधारला, आणि वर्षभराने तपासलं तेव्हाही ती सुधारणा टिकून होती. अट एक होती: मनगट आणि बोटं थोडी तरी उचलता यायला हवीत. पूर्ण लुळ्या हाताला हा उपाय लागू पडत नाही, आणि तसं मी कुणाला सांगतही नाही.

मग बहुतेक घरांत सहा महिन्यांनी सगळं थिजल्यासारखं का वाटतं? पैसे संपतात, माणसं कंटाळतात, हे आहेच. पण आमच्या धंद्याचाही त्यात वाटा आहे. अमेरिका आणि कॅनडातल्या सात केंद्रांमध्ये लकव्याच्या पेशंटांच्या ३१२ उपचार-सत्रांत शेजारी बसून हालचाली मोजल्या गेल्या. २००९ साली आकडा छापून आला: एका सत्रात हाताने कामाची हालचाल सरासरी ३२ वेळा. प्राण्यांवरच्या ज्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसले, तिथे एकेका दिवसात अशा हालचाली काहीशे असतात. बत्तीस पोळ्या लाटून कुणाची पोळी गोल झाली आहे?

आता दाराची पुली. ही मला जवळजवळ प्रत्येक दुसऱ्या घरात दिसते, दुकानदाराने कौतुकाने दिलेली. लकव्यानंतर सुरुवातीला खांद्याचे स्नायू सैल पडतात आणि दंडाचं हाड आपल्या वजनाने खाली सरकतं. खांद्याच्या टोकाखाली बोट ठेवलं तर खड्डा लागतो, बोटभर रुंद. अशा खांद्याला चांगल्या हाताने दोरी ओढून वर खेचलं की खांद्याचं पातं सोबत फिरत नाही आणि मधले स्नायू हाडांत चिमटतात. १९९० सालच्या एका छोट्या अभ्यासात पुली दिलेल्यांपैकी ६२ टक्के जणांचा खांदा दुखायला लागला. फिजिओने स्वतः हाताने हालचाल दिलेल्या गटात हे प्रमाण ८ टक्के होतं. एकदा खांदा धरला की माणूस हाताला हात लावू देत नाही, मग बोटांचा व्यायाम कुठला! पेशंटला उठवताना लकव्याचा हात ओढणं किंवा बगलेत हात घालून उचलणं, यानेही हेच होतं.

चेंडूचं गणित सोपं आहे. बहुतेकांना मूठ मिटणं आधी येतं, उघडणं येत नाही. जे येतंय त्याचाच सराव किती करायचा? त्यापेक्षा स्टीलचा पेला धरून टेबलावर ठेवणं आणि सोडणं बघा. सोडण्यात खरी मेहनत आहे.

विश्रांतीच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. 'अवर्ट' नावाच्या २१०४ पेशंटांच्या अभ्यासात (२०१५) पहिल्या २४ तासांच्या आतच वारंवार आणि जास्त वेळ उठवलेल्यांची स्थिती तीन महिन्यांनी थोडी वाईटच निघाली. म्हणजे पहिल्या दिवशी घाई नको. पण तिथून तीन महिन्यांवर उडी कशी मारली, ते मेसेज लिहिणाऱ्यालाच ठाऊक. पडून राहिलेल्या माणसाला न्यूमोनिया होतो, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होते, माकडहाडाशी जखम होते. डॉक्टरांनी हिरवा कंदील दिला की पलंगावर बसवणं हाच पहिला व्यायाम.

मालिशीवर माझा राग नाही, बरं वाटतं माणसाला. पण तुंबलेली किंवा फुटलेली असते ती मेंदूतली रक्तवाहिनी, दंडावर तेल चोळून ती कशी मोकळी होणार? संवेदना गेलेल्या हाताला गरम तेल भाजतं आणि पेशंटला कळतही नाही. पोटरी अचानक सुजली असेल तर अजिबात चोळू नका, आधी डॉक्टर. (लकव्याच्या अंगाला कबुतराचं रक्त लावणारे अजून भेटतात. असो.)

राहिला तोल. चक्कर ही एकच गोष्ट नाही, म्हणून तिची एकच गोळीही नाही. अंथरुणात कूस बदलली की खोली गरगरते आणि मिनिटभरात थांबते, असं असेल तर बहुतेकदा आतल्या कानातले कॅल्शियमचे बारीक कण जागा सोडून अर्धवर्तुळाकार नळीत शिरलेले असतात. हे तपासायला पेशंटला पलंगावर बसवून मान एका बाजूला वळवायची आणि पटकन मागे झोपवायचं, डोकं थोडं कडेखाली. दोन-चार सेकंद काही होत नाही. मग बुबुळं झटके देत फिरायला लागतात आणि पेशंट माझं मनगट घट्ट पकडतो. जॉन एप्ली यांनी १९९२ साली मांडलेल्या पद्धतीने डोकं टप्प्याटप्प्याने वळवलं की कण परत जागेवर जातात, पुष्कळदा एक-दोन बैठकांत. हे शिकलेल्या माणसाकडूनच करून घ्या. यात वर्षभर गोळी कशाला? सिनारिझिन, प्रोक्लोरपेराझिन यांसारख्या गोळ्या वयस्कर माणसांना महिनोन्‌महिने दिल्या तर कंपवातासारखी लक्षणं येऊ शकतात. गोळी स्वतःहून बंद करू नका, पण किती दिवस घ्यायची हे डॉक्टरांना विचारा.

दुसरे काहीजण सांगतात, "तोंडाला साबण लावून डोळे मिटले की बेसिनवर आपटतो." त्यांच्या तळपायांकडून मेंदूला खबर पोहोचत नाही, बहुतेकदा जुन्या मधुमेहामुळे. तोल डोळे, आतला कान आणि पाय यांवर उभा असतो. या तिघांपैकी एक लंगडा पडला की बाकी दोघांना तयार करावं लागतं, आणि ते खुर्चीत बसून होत नाही. ओट्याला धरून उभं राहणं, मग एका बोटाचा आधार, मग पाय जवळ घेणं, शेजारी माणूस उभा. कंपवाताच्या १९५ पेशंटांवर २०१२ साली छापलेल्या अभ्यासात आठवड्यातून दोनदा 'ताई ची' हा संथ हालचालींचा चिनी व्यायाम करणाऱ्यांचा तोल सुधारला आणि नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा ते कमी वेळा पडले. त्यांना कुणी "चालू नका" म्हटलं नव्हतं.

चक्करेबरोबर जीभ जड होणं, एकाचे दोन दिसणं, उभंच राहता न येणं अचानक सुरू झालं तर मात्र व्यायाम नाही, गोळी नाही, थेट हॉस्पिटल. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनला साधारण साडेचार तासांचीच मुदत असते.

ग्रुपवर कुणीतरी लिहिलंच होतं, "घरचेच करून घेतात, फिजिओ कशाला?" भारतातल्या १४ हॉस्पिटलांत १२५० पेशंटांवर हेच तपासलं गेलं ('अटेंड', २०१७). नातेवाइकांना शिकवून घरी पाठवलं, पण सहा महिन्यांनी नेहमीच्या उपचारांपेक्षा फरक दिसला नाही. मला वाटतं, घरच्यांची साथ लागतेच. पण कधी काय वाढवायचं, काय थांबवायचं हे ठरवणारं कुणीतरी अधूनमधून यायला हवं.

आबांच्या सुनेला मी पुली काढायला सांगितली. दोरी तिने गॅलरीत छातीच्या उंचीवर बांधली. रोज सकाळी आबा लकव्याच्या हाताने तिच्यावर रुमाल वाळत घालतात. निम्मे खाली पडतात. ती उचलते आणि परत त्यांच्याच हातात देते.